अर्ध्या वाट्याचं पिल्लू

ते पिल्लू माझं नव्हतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जो घोळ झाला तो सगळा या एका गोष्टीवरून झाला.

ते आमच्या खानावळीच्या स्वयंपाक्याचं होतं. सुरतेच्या कॉलेजात माझं पहिलं वर्ष चाललं होतं. आमच्या घरात माझ्याआधी कोणी चौथीच्या पुढे गेलेलं नव्हतं. त्यामुळे कॉलेजात कसं बसायचं, कसं बोलायचं, हे मला विचारायला कोणी नव्हतं. खानावळीत पंगतीला बसल्यावर बाकीची मुलं 'महाराज, रोटली!' म्हणून ओरडायची. मला ओरडता येत नसे. ताटात जे पडेल ते खाऊन मी उठायचो आणि अर्धपोटी राहायचो. पंधरा दिवसांनी महाराजांच्या, म्हणजे त्या स्वयंपाक्याच्या, ते लक्षात आलं असावं. माझ्यापाशी आले की न विचारता दोन रोटल्या टाकायचे आणि पुढे जायचे. वर्षभर हे असंच चाललं. त्याबद्दल ते कधी एक शब्द बोलले नाहीत आणि मीही बोललो नाही.

उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला विहिरीपाशी बोलावलं. त्यांच्या हातात दीड महिन्याचं पिल्लू होतं, तपकिरी, एक कान पांढरा. त्याची आई घोडागाडीखाली गेली होती. महाराज गुजराती बोलायचे, मला बरंचसं समजायचं.

"मी दोन महिने गावी चाललो. वाटेत तीन गाड्या बदलायच्या आहेत, याला नेता येत नाही. तू ने. खानावळ सुरू होईल त्या दिवशी परत आण."

मी गप्प राहिलो, तेव्हा ते म्हणाले, "बाकीच्या मुलांना सांगितलं तर ते लगेच हो म्हणतील आणि विसरून जातील. तू हो म्हणायला वेळ लावतोस, म्हणून तुला सांगतोय."

मी हो म्हटलं. त्यांनी पिल्लाच्या गळ्यात सुतळी बांधून तिचं टोक माझ्या हातात दिलं.

गाडीत पिल्लू टोपलीत, पुस्तकांच्या खाली होतं. नवापूरपर्यंत ते कुंईकुंई करत राहिलं, आणि पुढे खांडबारा गेलं तेव्हा माझ्या धोतराच्या सोग्यात झोपलं. नंदुरबारला उतरून भावाच्या बैलगाडीतून तापी ओलांडून आम्ही घरी पोचलो.

माय दारातच उभी होती. टोपलीत डोकावून म्हणाली, "लोके सुरतथून लुगडं लई येतस. तू कुत्रं लयना?"

मी म्हटलं, "मन्हं नही माय, महाराजनं शे."

"मंग महाराजनी माय त्याले संभाळी. माले बिबड्या करन्या शेतस."

बिबड्या म्हणजे ज्वारीचं पीठ आंबवून, शिजवून, ओल्या धोतरावर थापलेले पापड. चैत्र-वैशाखाच्या उन्हात आमच्या अंगणात एका वेळी साठसत्तर बिबड्या वाळत असायच्या. तिसऱ्याच दिवशी पिल्लू त्या ओल्या बिबड्यांवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत गेलं आणि मायनं हाकललं म्हणून त्याच वाटेनं परत आलं. मायनं त्या टाकून दिल्या नाहीत, आमच्याकडे कोणी काही टाकत नाही. पण चुलीत घालायच्या गोवरीकडे पाहावं तसं ती माझ्याकडे पाहू लागली.

तरीही ते दिवस निभले असते. पण मीच एक नवीन अडचण उभी केली. कॉलेजातल्या दोन मित्रांनी सुट्टीत तोरणमाळ पाहायला यायचं ठरवलं होतं. मी त्याच बाजूचा, म्हणून वाट दाखवायला मी हवा. मी स्वतः तोरणमाळ कधी पाहिलेलं नव्हतं, हे त्यांना सांगायचं धैर्य मला झालं नव्हतं. अकरा दिवसांचा बेत होता.

आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे सांगणं फार अवघड गेलं.

"तठे कोन शे आपलं?" त्यांनी विचारलं.

"कोन्ही नही, आबा."

"लगीन शे कोनं?"

"नही."

"जत्रा शे का?"

"जत्रा शिवरातले ऱ्हास."

"मंग काब्र जास?"

"देखाले."

"काय देखाले?"

मी शेवटी म्हटलं, "तठे थंड शे म्हने."

आबांनी डोंगराच्या दिशेनं पाहिलं. मग म्हणाले, "इतला डोंगर चढीसन घाम काढाना, नि मंग वर जाईसन थंड व्हवानं. त्यापेक्षा आठेच निंबखाल बठ ना."

पण त्यांनी नाही म्हटलं नाही. कॉलेजातले लोक असंच काही करत असावेत, अशी त्यांची समजूत होती. माय मात्र ठाम होती. "तू जाशी वर, नि हाई मन्हा पापडवर नाची. कोनाजोडे तरी ठेव त्याले." मी पिल्लू बरोबर न्यायचं म्हटलं, तर भाऊ म्हणाला, "तठे बिबट्या शे. कुत्रं देखं का तो मानूसले सोडी देस."

म्हणजे कोणाकडे तरी ठेवणं आलं. गावात कुत्री पुष्कळ होती, पण कोणाकडे 'ठेवलेलं' कुत्रं कधी कोणी पाहिलं नव्हतं. मी दोन-तीन घरी विचारलं. लोक माझ्याकडे पाहायचे, पिल्लाकडे पाहायचे आणि म्हणायचे, "सोडी दे ना गल्लीम्हा. आपलं आपलं जगी." ते खरंही होतं. पण मला महाराज दिसायचे, हातात रोटल्यांची परात धरून पंगतीतून चालणारे.

शेवटी नाना तयार झाले. हे आमच्या नात्याचे नव्हते; सगळं गाव त्यांना नाना म्हणायचं. उन्हाळ्यात तापी आटली की ते नदीच्या वाळूत खरबुजांची वाडी करायचे. वाळूत खड्डे घेऊन, खत घालून वेल लावायचे आणि मधोमध चार बांबूंवर माचाण बांधून त्यावर राखण करत बसायचे. खरबूज पिकलं की कोल्हे येतात, कावळे चोची मारतात, मोकाट गाढवं शिरतात. नानांना कुत्रं हवंच होतं.

मला वाटलं, द्यायचं तर रीतसर द्यावं. मी शहाद्याच्या बाजारातून एक नवा, लाल-पिवळा विणलेला दोर आणला. शिवाय एका कागदावर शुद्ध मराठीत सूचना लिहिल्या. 'दिवसातून तीन वेळा कोमट दूध व भाकरीचा मऊ भाग द्यावा. उन्हात ठेवू नये. ओरडू नये. त्यास एकटे वाटू देऊ नये.' खाली सही केली. नानांना वाचता येत नव्हतं, म्हणून तो मी त्यांना दोनदा वाचून दाखवला.

नाना म्हणाले, "हाई सरकारनं शे का?"

"नही नाना, मन्हंच शे."

"बरं." त्यांनी कागदाची घडी करून पागोट्यात खोवली. मग दोराकडे निरखून पाहिलं. "दोर नवा शे."

"हां. मुद्दाम लयना."

"दोरसकट देस?"

"दोरसकट."

"इचार करी लिधा ना? बापले इचारं?"

मला वाटलं, माणूस किती भिडस्त आहे. एवढासा दोर घ्यायलाही संकोचतो. मी म्हटलं, "ठेवा हो नाना. तुम्हनाच समजा." आणि दोराचं टोक त्यांच्या हातात दिलं.

तोरणमाळबद्दल मला फारसं सांगता येणार नाही. चढण उभी होती, मित्रांनी मला चारदा विचारलं की हीच वाट ना, आणि मी चारही वेळा हो म्हटलं. वर तळं होतं, हवा खरोखरच थंड होती, डोंगरातल्या पावरा आदिवासींनी आम्हांला ताक आणि भाकरी दिली. मित्र कविता म्हणायचे. मी मनात म्हणायचो, आता पिल्लाला दुपारचं दूध मिळालं असेल का? अकराव्या दिवशी ते शहाद्याहून परस्पर आपापल्या घरी गेले आणि मी थेट नदीत उतरलो.

नाना माचाणाखाली सावलीत बसले होते. पिल्लू नव्हतं.

"नाना, पिल्लू?"

"शे ना." त्यांनी पलीकडच्या वाडीकडे बोट केलं. "तथी शे. माले नंदुरबारले माल लई जानं व्हतं. मंग मी मावशीले दिधं."

पलीकडची वाडी एका विधवा बाईंची होती. सगळे त्यांना मावशी म्हणायचे आणि जपून म्हणायचे. एकट्या बाईनं पंधरा वर्षं वाडी सांभाळली होती. मी गेलो तेव्हा पिल्लू त्यांच्या माचाणाच्या खांबाला माझ्याच लाल-पिवळ्या दोरानं बांधलेलं होतं, दुप्पट वाढलेलं, आणि समोर अर्धं खरबूज घेऊन शांतपणे खात होतं. मला पाहून त्यानं शेपूट हलवली आणि पुन्हा खरबुजात तोंड घातलं.

मी दोर सोडायला वाकलो.

"हात लावू नको," मावशी म्हणाल्या.

"मावशी, मन्हं शे हाई. म्हणजे, महाराजनं."

"तुन्हं अर्धं शे. मन्हं पाव शे. नानानं पाव. आख्खं कसं लई जास?"

मला वाटलं, थट्टा चालली आहे. मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

तेव्हा मला जे कळलं ते आमच्या बाजूच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी दहाव्या वर्षीच शिकायला बाहेर पडलो म्हणून मला ठाऊक नव्हतं. आमच्याकडे दोन-चार दिवसांसाठी जनावर कुणाकडे ठेवायचं असेल तर ते मोकळं नेऊन सोडतात. बांधायचं दावं ठेवून घेणाऱ्याचं. पण धन्यानं स्वतःचं दावं, तेही नवं, जनावराबरोबर हातात दिलं, की ते अर्ध्या वाट्यानं दिलं असं होतं. अर्धं धन्याचं, अर्धं पाळणाऱ्याचं. वासरं, शेळ्या, म्हशी सगळं असंच जातं. तोंडानं काही बोलावं लागत नाही. नानांनी बाजाराला जाताना माझाच दोर मावशींच्या हाती दिला, म्हणजे आपल्या अर्ध्यातलं अर्धं त्यांना दिलं. त्यात कोणाची लबाडी नव्हती. उलट नानांनी मला तीन-तीनदा विचारलं होतं.

खानावळ सुरू व्हायला चार दिवस उरले होते. चौथ्या दिवशी पहाटे मला गाडी जुंपून निघायला हवं होतं, आणि हातात होतं फक्त अर्धं कुत्रं.

पंच दुसऱ्या दिवशी सकाळी नदीतच बसले. जनावरांच्या बाबतीत गावात एका म्हाताऱ्या बाबांचा शब्द चालायचा. ते आणि दोन जाणते शेतकरी वाळूवर घोंगडी अंथरून बसले. एका बाजूला नाना, दुसऱ्या बाजूला मावशी, मधे पिल्लू. आबाही आले होते. त्यांना फार लाज वाटत होती. "कुत्राना पायी पंचायत," ते वाटेत दोनदा म्हणाले होते.

बाबांनी पिल्लाला उचललं, दात पाहिले, पाय दाबून पाहिले आणि खाली ठेवलं. "जनावर चांगलं शे," ते म्हणाले. "काय म्हननं शे तुन्हं?"

मी उभा राहिलो. कॉलेजात वर्गात उत्तर द्यायला उभे राहतात तसे हात मागे बांधले. मी म्हटलं, "बाबा, हाई मन्हं नहीच. सुरतना महाराजनं शे. माले संभाळाले दिधं. जे मन्हं नही ते मी वाट्यानं कसं दिसू?"

मला वाटलं, मुद्दा बिनतोड आहे. पंचही विचारात पडले. मग बाबांनी विचारलं, "महाराजनी कसं दिधं? मोकळं, का दोर लाईसन?"

मला खोटं बोलता येत नाही. "सुतळी व्हती."

"जुनी का नवी?"

"नवी."

सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. नाना म्हणाले, "अरेरे."

"मंग अर्धं तुन्हंच शे," बाबा म्हणाले. "महाराजनी तुले वाट्यानं दिधं."

"पण बाबा, सुरतले हाऊ रिवाज नही!"

"कुत्रं सुरतले शे का आठे?"

"आठे."

"मंग रिवाज आठला."

मावशी झटकन उभ्या राहिल्या, कारण यातून काय निघतं ते त्यांच्या माझ्याआधी लक्षात आलं होतं. "म्हनजे अर्धं महाराजनं? मंग मन्हं पाव कोठे गयं?"

बाबा म्हणाले, "हां. ते देखनं पडी." त्यांनी वाळूत काठीनं रेघा मारायला सुरुवात केली, दोन रेघा मारून थांबले आणि पुसल्या.

तेव्हा आबा पहिल्यांदा बोलले. "पोऱ्याले इचारा ना. तो सुरतले शिकस."

सगळे माझ्याकडे वळले. माझ्या शिक्षणाचा गावाला काही उपयोग व्हावा असा तो पहिला प्रसंग होता, आणि तो माझ्याच विरुद्ध होता. मी वाळूत बसलो. लहानपणी घोकलेली पावकी-निमकी मनात म्हणत वाटे मांडले. महाराजांचं अर्धं. राहिलेल्या अर्ध्यातलं अर्धं, म्हणजे पाव, माझं. उरलेल्या पावात नानांचा आठवा हिस्सा आणि मावशींचा आठवा हिस्सा.

"बरोबर शे?" बाबांनी विचारलं.

"बरोबर शे."

आबा शेजारच्या शेतकऱ्याला हळूच म्हणाले, "कागद बी नही लागना त्याले."

मावशी मात्र भडकल्या. "काल मन्हं पाव व्हतं, आज अदपाव व्हयनं! कोन हाऊ महाराज? कोल्हा हाकलाले तो उना व्हता का? खरबूज राखाले बठना व्हता का? बठेल जागावर अर्धं कुत्रं लई गया!"

"मावशी, तो गरीब मानूस शे," मी म्हटलं.

"अर्धं कुत्रं शे त्याजोडे, नि गरीब?"

बाबांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. निवाडा असा झाला. वाडीचा हंगाम संपायला, म्हणजे मृग लागायला, सोळा दिवस होते. तोवर नाना-मावशींचा मिळून पाव वाटा, म्हणजे त्यांच्या हक्काची चार दिवसांची राखण. हंगामाच्या मधेच कोणाला आख्खं जनावर न्यायचं असेल तर त्यानं तेवढे दिवस दुसरं जनावर द्यावं, नाही तर त्या जनावराची पाळी स्वतः करावी.

त्याच सकाळी मी आधी दुसरं जनावर द्यायचा प्रयत्न केला. गावातलं एक धष्टपुष्ट कुत्रं भाकरी दाखवत नदीपर्यंत आणलं. त्यानं वाडीत शिरून सगळ्यात पिकलेलं खरबूज फोडलं, निवांत खाल्लं आणि गावात परत गेलं. मावशींनी नानांच्या माचाणाकडे बोट केलं. मी माचाणावर चढलो; तो दिवस बाबांनी पहिला धरला.

हे सगळं इतक्या गंभीरपणे चाललं होतं की त्यात काही चमत्कारिक आहे असं तेव्हा मला वाटलंच नाही. मी कुत्र्याच्या पाळीवर होतो. उजाडल्यापासून दिवे लागेपर्यंत. त्यानंतर नाना आणि मावशी आपापल्या वाडीत असायचेच. पहिले दोन दिवस नानांचे आणि पुढचे दोन मावशींचे.

पहिला वाद आवाजावरून झाला. मी माचाणावर पुस्तक घेऊन बसलो होतो आणि कावळा आला की हात हलवत होतो. पलीकडून मावशींनी पाहिलं. "नाना, हाऊ नुसता बठेल शे! कुत्रं भुकस. हाऊ भुकत नही!"

नाना बिचारे संकोचले. "भुकाले पाहिजे असं काही नही. जोऱ्यानी आवाज दिधा म्हनजे व्हयनं."

"कोल्हाले मानूसना आवाजनी सवय शे. त्यानी भुकाले पाहिजे."

बाबांना निरोप गेला. बाबांचं उत्तर आलं की आवाज व्हायलाच हवा; कोणता करायचा ते ज्याचं त्यानं ठरवावं. मी 'हो! हो!' असं ओरडायचं ठरवलं. पहिल्यांदा ओरडलो तेव्हा माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. वर्षभर ज्याला 'रोटली' म्हणता आलं नाही, त्यानं भर नदीत ओरडायचं म्हणजे काय! पण दुपारपर्यंत जमलं. संध्याकाळपर्यंत इतकं जमलं की काठावर धुणं धुणाऱ्या बायका धुणं सोडून पाहू लागल्या.

तिसऱ्या दिवशी मी मावशींच्या माचाणावर गेलो. सकाळी त्यांनी मला वाडग्यात कोमट दूध आणि भाकरीचा मऊ भाग कुस्करून दिला.

मी म्हटलं, "मावशी, माले चटणी-भाकर चाली."

"नही. नानानी माले कागद सांगेल शे. दिनम्हा तीन बखत, कोमट दूध." त्यांना माझा कागद तोंडपाठ होता. दोनदा ऐकलेला नानांनी त्यांना एकदा सांगितला होता, तेवढ्यावर. "पाळी कुत्रानी, मंग खानं बी कुत्रानं. मी कोन्हं हक्कनं बुडावस नही."

पिल्लू खाली सावलीत चटणी-भाकरीचा तुकडा चघळत होतं.

दुपारी ऊन चढलं तसं त्यांनी मला माचाणावरून खाली बोलावलं, कारण कागदात 'उन्हात ठेवू नये' असं होतं. मग स्वतः शेजारी येऊन बसल्या. मला वाटलं, काही काम आहे. त्यांनी पदरानं घाम पुसला. मग म्हणाल्या, "एकटं वाटू देवानं नही, असं बी शे ना त्याम्हा?"

"शे."

"मंग बठनू मी." त्यांनी एक खरबूज फोडलं. अर्धं मला दिलं, मग आठवण होऊन परत घेतलं आणि पुन्हा विचार करून दिलं. "सुरतले एकटं वाटस का तुले?"

मला हा प्रश्न आजवर कोणी विचारला नव्हता. मायनंही नाही, कारण तिच्या लेखी शिकायला गेलेल्या मुलाला एकटं वाटणं म्हणजे शिकणंच. मी म्हटलं, "पहिले वाटे."

"माले बी पहिले पहिले वाटे. आते कोल्हा येतस." एवढं म्हणून त्या हसल्या आणि लगेच ओरडल्या, "तो देख कावळा! बठी काय ऱ्हायना? भुक!"

आणि मी, खरं सांगायचं तर, भुंकलो. एकदाच. कावळा उडाला. मावशींनी मान डोलावली. जणू काही घासाघीस करून चांगला बैल विकत घेतला होता.

त्या दिवशी दिवे लागले तेव्हा माझे तीन दिवस झाले होते. चौथा, मावशींचा दुसरा दिवस, उद्याचा. आणि उद्या पहाटेच मला निघायचं होतं. मी आशेनं मावशींकडे पाहिलं. आबा मला न्यायला आले होते, त्यांच्याही लक्षात सगळं आलं होतं.

मावशी म्हणाल्या, "लई जाय. एक दिननं काय? तीन दिनम्हा तूनी जितलं भुकं, तितलं त्या कुत्रानी जलमम्हा भुकं नसतं."

माझा जीव भांड्यात पडला. मी दोर सोडायला गेलो, तेवढ्यात आबा म्हणाले, "नही."

"काब्र, आबा?"

"चार दिन ठरना. पोऱ्या सुरतले जास शिकाले, नि मांगे कोनं फुकटनं ठेवी जाई? नही."

"आबा, मग मला उद्या निघता येणार नाही. महाराजांना शब्द दिलाय." मी घाईत शाळेतली भाषा बोललो.

आबा पिल्लाकडे पाहत राहिले. त्यांना ते कधीच आवडलं नव्हतं. "तू जाय," ते म्हणाले. "उद्या मी बठस."

पिल्लू ठरल्या दिवशी सुरतेला पोचलं, हे इथेच सांगून टाकतो. महाराजांनी त्याला उचललं, वजन पाहिलं आणि मला विचारलं, "त्रास दिला का?" मी नाही म्हटलं. त्यांचा वाटा किती आणि माझा किती, हे त्यांना सांगावं असं पुष्कळ वाटलं, पण धीर झाला नाही. पण मला आठवते ती त्याआधीची पहाट.

भाऊनं गाडी जुंपली तेव्हा झुंजुमुंजू झालं होतं. आबा घरात नव्हते, आमच्या आधीच गेले होते. तापीच्या वाळूत गाडी उतरली आणि मावशींच्या वाडीजवळून वाट गेली, तेव्हा ते माचाणावर बसलेले दिसले. धुतलेलं पागोटं, अंगात बाजाराच्या दिवशीची बंडी. मांडी घालून ताठ बसले होते. खाली वेलांतून मावशी फिरत होत्या आणि मधूनमधून वर पाहत होत्या.

भाऊनं बैल थांबवले. मला काहीतरी बोलायचं होतं. सुचलं ते एवढंच, "आबा, आवाज करना पडस. मावशी ऐकत नही."

"माले देखीसनच कोल्हा पयी," आबा म्हणाले. "मी काय भुकाले बठनू का? चाला, गाडी चुकी."

मी वाकून नमस्कार केला, गाडीतूनच. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा खरबुजांकडे पाहू लागले, कारण ते कामावर होते.

आम्ही पाण्याची बारीक धार ओलांडून पलीकडचा काठ चढू लागलो. बैल दमले म्हणून भाऊनं चढणीवर जरा थांबवले. वारा आमच्याकडे होता. आधी मावशींचा आवाज आला, शब्द कळले नाहीत. मग थोडा वेळ काही नाही. आणि मग नदीतून आवाज आला. पहिला चाचरत, घसा खाकरल्यासारखा. दुसरा जरा मोठा. तिसरा असा की टोपलीतल्या पिल्लानं कान टवकारले. गाडी आता ऐकण्याच्या टप्प्यापलीकडे गेली असं आबांना वाटलं असणार.

भाऊ बैलांकडे पाहत होता. मीही बैलांकडे पाहू लागलो. आवाज नीट लागला होता आणि थांबत नव्हता.